होडीवालीचा तिसरा अंक

"भाऊ, सोपान गुरुजींचं नाटक तुमच्याकडे मिळेल का?"

राजरत्ननं जळक्या मोटरीतून मान वर काढली. निरगुडसरला त्याच्या वायंडिंगच्या दुकानात लोक मोटर मागत, केबल मागत, स्टार्टर मागत. नाटक मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. आणि मागणारी तरी कशी… कपाळावरची बट मनगटानं मागं सारत, हसू दाबत उभी! त्याच्या हातातून तांब्याच्या तारेचं रीळ सुटलं आणि घरंगळत पार रस्त्यावर गेलं.

"आज्जाचं नाटक? होडीवाली?"

"संगीत होडीवाली. मी तेजस्विनी, डिंगोऱ्याची. जुन्नरला कॉलेजात शिकवते. याच नाटकावर पीएचडी करतेय."

आता ही होडीवाली म्हणजे काय प्रकरण, ते सांगायलाच पाहिजे. मूळची ती जर्मन भाषेतली, शंभर वर्षांपूर्वीची. गाणी, नाच, थट्टामस्करी असलेलं हलकंफुलकं नाटक, तिकडं त्याला ऑपेरेटा म्हणतात. नदीवर होडी चालवणारी एक फटकळ मुलगी आणि तिच्यावर भाळलेला एक कप्तान. शेवटी ती कप्तानाला नकार देते आणि एकटीच होडी हाकत निघून जाते. झालं! व्हिएन्नात पहिल्याच खेळाला लोकांनी चिडून शिट्ट्या मारत थिएटर डोक्यावर घेतलं. घाबरलेल्या मालकानं आठ दिवसांत दोघांचं लग्न लावून टाकलं, आणि तेच नाटक दोन वर्षं हाऊसफुल्ल चाललं. पुढं बर्लिनमध्ये कुणी तिला परत एकटी पाठवली, कुणी पुन्हा बोहल्यावर चढवली. बिचारीला कुणी सुखानं जगू दिलं नाही.

आणि निरगुडसरात? राजरत्नच्या आजोबांना, सोपान गुरुजींना, पुण्याच्या जुन्या बाजारात तिचं इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यांनी ती मराठीत आणली, वॉल्ट्झ नाचाच्या चाली दादरा तालात बसवल्या, आणि सतरा वर्षं यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला, पडदा वर जात राहिला.

"पर तिसरा अंक गावानं कधी बघितलाच न्हाई," राजरत्न म्हणाला.

"म्हणजे?"

"आवो, पब्लिक येका गाण्याला चार-चार वन्समोअर द्यायचं. दुसरा अंक सपेस्तोवर चार वाजायचे. तिकडं कुस्त्यांची हलगी वाजली, की सगळा मांडव उठून आखाड्याकडं! कप्तानाचं काम करणारा तर तोंडाचा रंग पुसत लंगोट कसायचा."

ती खळखळून हसली. तिथंच राजरत्नचं काम तमाम झालं.

"मग शेवट कसा केला होता गुरुजींनी? मला तेच हवंय. लग्न, की नकार?"

"आज्जाच्या वहीत असंल. हुडकाय लागंल… पुढच्या शनिवारी या की."

खरं सांगायचं तर हुडकायला काही लागलं नाही. त्याच संध्याकाळी पत्र्याच्या पेटीत, अगदी वरच वही निघाली. राजरत्ननं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि पेटीत ठेवून वर कुलूप घातलं. वही दिली की तिचं काम संपलं, आणि काम संपल्यावर ती निरगुडसरला कशाला येतेय? एवढा साधा हिशोब होता.

दुसऱ्या शनिवारी तो तिला गेणूबाबांकडं घेऊन गेला. होडीवालीचं काम हेच करायचे, लुगडं नेसून. आता ऐंशी ओलांडलेली, पण त्या कामात घातलेल्या नथीची गोष्ट निघाली की अजून मान वेळावायचे. नेमका तेव्हाच पारगावाहून फोन आला, उसाला पाणी चालू असताना कुणाची मोटर बसली होती. तेजस्विनीला तासभर तिथं सोडून तो धावला. परत आला तर दोघं खुसुखुसु हसत होती.

"काय झालं?"

"काही नाही. वही सापडली का?" तिनं विचारलं. 'भाऊ' म्हणाली नाही. राजरत्नच्या ते बरोबर ध्यानात आलं.

"न्हाई अजून…"

तिसरा, चौथा, पाचवा शनिवार. दीड-दोन तास एसटीत हादरत ती यायची. तो स्टँडवर गाडी घेऊन थांबायचा, धुतलेला शर्ट घालून. कधी गुळाच्या गुऱ्हाळावर रस, कधी नदीकाठी भेळ. 'तुमी'चं कधी 'तू' झालं, कळलंही नाही. वही मात्र सापडत नव्हती.

सहाव्या शनिवारी तिनं मोबाइल त्याच्यापुढं धरला. "व्हिएन्नाच्या नाट्यसंग्रहालयानं बोलावलंय. जूनपासून सहा महिने. आपल्या गावातल्या या नाटकाच्या खेळांबद्दल त्यांना ऐकायचंय."

"लई भारी!" तो म्हणाला, पण आवाज खोल गेला होता.

"तिसरा अंक मिळाला असता, तर…" ती त्याच्याकडं बघत राहिली. तो चप्पल बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं गाडीला किक मारली आणि थेट डिंगोरे गाठलं. ती घरासमोर, साठवणीच्या बराखीत कांदा भरत होती. ओढणी कमरेला खोचलेली, गालाला मातीचा पट्टा.

"घे," त्यानं वही पुढं केली. "पयल्या दिवसापासून माझ्यापाशी व्हती. लबाडी केली मी. वही दिली की तू यायची न्हाईस, म्हणून… तुझं नुसकान व्हईल हे ध्यानात यायला सहा शनिवार लागले. शिव्या घाल, पर तिकडं जाताना ही घेऊन जा."

तेजस्विनीनं हात झटकले. वहीला हातही लावला नाही. मोबाइल काढला आणि बटण दाबलं. गेणूबाबांचा फाटका, पण सुरेल आवाज लागला… कप्तान तलवार काठावर ठेवतो, होडीत चढतो आणि म्हणतो, आता तू शिकव, मी वल्हवतो. ना नकार, ना नुसतं लग्न. असला शेवट व्हिएन्नातही कुणाला सुचला नव्हता.

"हे… हे कधी?"

"दुसऱ्या शनिवारी. तू मोटर बघायला गेलास तेव्हा. तालमीत पाठ केलेलं सगळं त्यांनी म्हणून दाखवलं, आणि वही तुझ्या पेटीत वरच असते, हेही सांगितलं. माझं प्रबंधातलं प्रकरण तर तीन आठवड्यांपूर्वीच लिहून झालं, वेड्या!"

"मग तू येत कशाला व्हतीस?"

"तूच सांग."

राजरत्नला घाम फुटला. बराखीतला कांदा एवढा उग्र कधी लागला नव्हता. "तेजू… मला तू लई आवडतीस. तिकडं जा, सहा महिने काय, वर्षभर रहा. मी थांबतो. फक्त… परत आलीस की माझ्याकडं ये."

तिचे डोळे भरून आले. पण ती डिंगोऱ्याची, रडताना कशी दिसेल? तिनं मागं वळून घराकडं हाक दिली, "आई, चहा टाक गं! आलाय तो."

"आलाय तो?" राजरत्न गांगरला. "म्हंजी घरात माहिताय?"

"पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलंय. बाबा रोज विचारतात, तुझा तो मोटरवाला वही घेऊन येणार तरी कधी?" तिनं त्याच्या बाहीला धरून ओढलं. "चल आता. आणि आत गेल्यावर पहिल्यांदा त्यांच्या पाया पड."