रोहिदास केकाणांचा हात

माळशेज घाटात आता हॉर्न वाजत नाहीत. कंपन्यांचे ट्रक एकामागोमाग एक रांगेने चढतात आणि उतरतात. त्यांना केबिन नसते, काच नसते, आणि ते आपसात रेडिओलहरींनी बोलत असल्यामुळे कुणी कुणाला आवाज देण्याची गरज उरलेली नाही. या मुक्या रांगेत क्वचित एखादा ट्रक असा दिसतो, की ज्याच्या पुढच्या काचेमागे माणूस बसलेला असतो. रोहिदास केकाणांचा ट्रक त्यांतलाच.

केकाण नगरजवळच्या केडगावचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि पन्नाशी ओलांडल्यावर स्वतःचा, कोरा करकरीत ट्रक घेतला. पुढचा ओढणारा भाग, ज्याला ट्रकवाले घोडा म्हणतात, तो पोपटी रंगाचा. मागे लांबलचक ट्रेलर. जालन्याहून लोखंडी सळया भरायच्या आणि घाट उतरून कोकणात न्यायच्या. भाडं कुठलं घ्यायचं, कुठे थांबायचं, कधी घरी परतायचं, हे सगळं त्यांचं त्यांनी ठरवायचं. असे स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असलेले लोक आता फार थोडे राहिले होते. ते रस्त्यात भेटले की एकमेकांना दिवे मिचकावत.

कायदा एवढाच होता, की अवजड गाडी माणसाला चालवायची असेल तर तिच्यात हस्तछाया हवी. हस्तछाया म्हणजे चालकाच्या हाताची सावली. आपण स्टिअरिंग वळवतो तेव्हा हात हलण्याच्या थोडं आधी मेंदूचा हुकूम मनगटाकडे निघालेला असतो आणि त्यामुळे स्नायूंमध्ये अगदी क्षीण वीज उमटते. स्टिअरिंगच्या आवरणातले आणि ब्रेकच्या पेडलमधले संवेदक ती वीज टिपतात. म्हणजे चालकाच्या मनात काय आहे, हे हाताने ते करण्याआधीच ट्रकला कळतं. सुरुवातीचे काही महिने ट्रक नुसता शिकतो: हा माणूस वळण कसं घेतो, उतारावर केव्हा वेग कमी करतो, समोरून वाहन आलं की किती बाजूला सरतो, केबिनमध्ये कुणी काही सांगितलं की काय करतो. पुढे कधी खड्ड्याने हिसका बसून हात चुकला, तर जे त्या माणसाला करायचं होतं ते ट्रक करून टाकतो, आणि तेही त्याच माणसाच्या पद्धतीने.

केकाणांना हे सगळं फार आवडलं होतं. आपली गाडी आपल्याला ओळखते, असं ते कौतुकाने सांगत.

त्यांची पत्नी उज्ज्वला घरातच शिवणकाम करायची. मुलं आपापल्या गावी स्थिरावल्यापासून ती बऱ्याच फेऱ्यांना त्यांच्याबरोबर जाई. डाव्या खिडकीशी बसून शिवणाचं हातकाम करायची आणि वळणं आली की त्यांना सांभाळून घ्यायला सांगायची. काहीतरी बिनसलंय हे आधी तिच्या लक्षात आलं, आणि तेही घरात. केकाणांना सदऱ्याच्या गुंड्या लावायला वेळ लागू लागला. बशीतला चहा हिंदकळायचा. चालताना त्यांचा डावा हात मागेपुढे व्हायचा, उजवा मात्र अंगाला चिकटून राहायचा. एकदा शेगडीवर दूध करपून घरभर वास पसरला आणि केकाण शेजारीच पेपर वाचत बसले होते. त्यांना वास आलाच नव्हता.

तिने डॉक्टरांचा विषय काढला की ते गाडीचा दाखला देत. हात बिघडला असता तर सळयांनी भरलेला ट्रेलर घाटातून उतरवता आला असता का, असं ते विचारत. त्यातच घाटात एक घटना घडली. वळणापलीकडे एक मोटारसायकल घसरून रस्त्यात आडवी झाली होती आणि तिच्यावरचे नवराबायको तिथेच पडलेले होते. केकाणांनी भरलेला ट्रेलर त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबवला. पुढे ते जोडपं पेढे घेऊन केडगावला आलं. त्या बाईने केकाणांचे दोन्ही हात कपाळाला लावले. उज्ज्वला तिथेच उभी होती. तिला अभिमानही वाटला, आणि त्या थरथरत्या हातांकडे बघून भीतीही वाटली.

शेवटी तिने हस्तछाया जिथे तयार झाली त्या पुण्याजवळच्या संशोधन केंद्रात फोन केला. डॉ. नजमा तांबोळी यांनी तो घेतला. हस्तछायेची कल्पना मुळात त्यांचीच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडी घेऊन या म्हणून सांगितलं. केकाणांना वाटलं, नेहमीची तपासणी असेल. ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. त्याच्या गुंड्या उज्ज्वलाने लावून दिल्या होत्या.

केंद्रामागच्या मोकळ्या माळावर रबरी खुणा उभ्या करून नागमोडी रस्ता आखलेला होता. रिकामा ट्रेलर घेऊन केकाण त्यातून सफाईने गेले. तेव्हा तांबोळीबाईंनी त्यांना पूर्वकल्पना दिली, की आता हस्तछाया बंद करून तोच रस्ता अगदी सावकाश घ्यायचा आहे. केकाण हसले आणि निघाले. पहिल्याच वळणाला घोडा जास्त वळला, तो सावरायला गेले तर दुसऱ्या बाजूला गेला, आणि मागचा ट्रेलर खुणांची अख्खी रांग आडवी करत गेला. गाडी थांबली. केकाण बराच वेळ खाली उतरले नाहीत. स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे ते असे बघत होते, जसे दुसऱ्याच कुणाचे हात असावेत.

उज्ज्वला वर चढून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

सावलीत खुर्च्या टाकून तांबोळीबाईंनी दोघांना समजावून सांगितलं. बहुधा हा कंपवात असावा. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल, औषधं आहेत, आयुष्य पुष्कळ आहे. पण हे काही आज सुरू झालेलं नव्हतं. हात जसजसा कमी पडत गेला तसतशी हस्तछाया ती उणीव भरून काढत गेली.

"मग तिने सांगितलं का नाही?" केकाणांनी विचारलं.

"भाऊ, सांगायला आम्ही तिला शिकवलंच नाही. सावरायला शिकवलं. माणसाचा हात एखाद्या वेळी चुकेल, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. तो हळूहळू, वर्षानुवर्षं चुकत जाईल, हे ध्यानातच घेतलं नाही."

"पण मनात तर माझंच असतं ना? वळायचं मी ठरवतो, हात तेवढा ती चालवते."

तांबोळीबाईंनी विचारलं, की घाटातल्या त्या प्रसंगाबद्दल खरं ते ऐकायची तयारी आहे का. केकाणांनी मान हलवली. बाईंनी त्या दिवसाची नोंद पडद्यावर उघडली. एक रेघ केकाणांच्या स्नायूंतल्या विजेची, दुसरी ब्रेकची. ब्रेक आधी लागला होता. केकाणांचा हुकूम नंतर निघाला होता.

"मला आठवतंय," केकाण म्हणाले. "मी ब्रेक दाबला. ती बाई दिसली आणि मी दाबला."

"तुम्हाला तसंच आठवणार. हस्तछाया तुमच्यासारखंच वागली, म्हणून तुमच्या मेंदूला ते आपलंच वाटलं. दुसऱ्या कुणाची पद्धत असती तर तुम्ही दचकला असता."



पुढे दोनच वाटा होत्या. एक, हस्तछाया पुसून गाडी विकायची. दुसरी, चालकाच्या जागेवरून केकाणांचं नाव काढून गाडी पूर्णपणे हस्तछायेवर सोडायची. केकाण मालक राहतील, गाडी एकटी धावेल. हाताच्या जुन्या, निरोगी काळातल्या नोंदी शाबूत होत्या आणि तिला त्यांच्यावरच चालवता येणार होतं. केकाणांना दुसरी वाट ऐकवेना. आपला हात आपल्यापाशी राहणार नसेल तर तो कुणापाशीच नको, पुसून टाका, असं ते म्हणाले. तांबोळीबाईंनी विरोध केला नाही. एवढंच म्हणाल्या, की ठेवलात तर एक लक्षात असू द्या, तो हात आता म्हातारा होणार नाही.

घरी परतल्यावर केकाण अंगणात बसून राहायचे. उज्ज्वलाने औषधं सुरू करवली, हाताचे व्यायाम करवून घेतले, गाडीचा विषय काढला नाही. गिऱ्हाईक ट्रक बघायला येणार होतं त्या सकाळी मात्र ती त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"माझ्या वडलांचा आवाज आपल्याकडे कुठे साठवलेला नाही," ती म्हणाली. "मला तो आता नीट आठवतही नाही. तुमचा हात पुसू नका. तुम्हाला नको असेल, पण मला हवाय."

गिऱ्हाइकाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

औषधांनी थोडा आराम पडल्यावर दोघं पहिल्यांदा प्रवासी म्हणून निघाली. उजवीकडची चालकाची जागा रिकामी होती. मधल्या आसनावर केकाण, डावीकडे खिडकीशी उज्ज्वला. ट्रक जालन्याच्या गोदामातून बाहेर पडला तेव्हा केकाणांनी डोळे मिटून घेतले होते. पण नगर ओलांडेपर्यंत त्यांना राहवेना. आयुष्यभर गाडी चालवली, पण आपण ती कशी चालवतो हे शेजारी बसून त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. उसाच्या बैलगाडीमागे ट्रक घाई न करता चालत राहिला. समोरून पोराबाळांना बसवलेली मोटारसायकल आली तर चांगला बाजूला सरला. केकाणांना नकळत हसू फुटलं. गडी चांगला चालवतो, असं ते उज्ज्वलाला म्हणाले, आणि ती म्हणाली, मी इतकी वर्षं उगीच का निवांत शिवत बसायचे.

घाट सुरू झाला. पहिल्या उतारावर ट्रकने वेग थोडा जास्त ठेवला. तरुणपणापासूनची आपली ती खोड केकाणांनी ओळखली. वळण जवळ आलं. उज्ज्वलाने शिवणातून मान वर केली.

"अहो, जरा हळू," ती म्हणाली.

"हो," केकाण सवयीने म्हणाले. त्यांचा पाय पुढे झाला, पण तिथे ब्रेक नव्हता.

ट्रक हळू झाला होता. या आवाजाला ऐकायचं असतं, हेही तो त्यांच्याकडूनच शिकला होता.

केकाणांनी वळून बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, रिकाम्या जागेकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं, समाधानाचं हसू होतं. ते हसू नेमकं कुणासाठी होतं, हे तिला विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं. पण त्यांनी विचारलं नाही. आपला थरथरणारा उजवा हात त्यांनी हळूच उचलून तिच्या हातावर ठेवला, आणि तिची नजर आपल्याकडे वळायची वाट बघत राहिले.