अकरा वेळा न उघडलेलं कुलूप

या मंडळी, असे पुढे सरकून बसा. मागे बसलं की कथा कानापर्यंत येते, काळजापर्यंत येत नाही. आज एका कुलपाची गोष्ट सांगतो. अजून घडलेली नाही, पण फार लांबही नाही.

सिंधुदुर्गात डोंगराकडेच्या घरांत पीक राखायला परवान्याची बंदूक असते. खंडेनवमीला तिला फूल वाहतात आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करतात. गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्या शर्वाणी केरकरने नेमके हे बंदुका जमा असण्याचे आठवडे धुंडाळले. चोऱ्या वाढल्या नव्हत्या. डुकरांनी भात मात्र जास्त नासलं होतं. आणि एक गोष्ट तर ती शोधायला गेलीच नव्हती. एरवी आपल्याच बंदुकीने आपलाच जीव घेणारी माणसं त्या आठवड्यांत तगली होती.

त्यातून नाडीकुलूप निघालं. बंदुकीच्या दस्त्यात बसायचं, तळहाताची नाडी, घाम, कंप वाचायचं. डुकरामागे धावणाऱ्या हाताची नाडी वेगळी, जगण्याला विटलेल्या हाताची वेगळी. दुसरी लागली की चाप हलत नसे, आणि त्या नकाराची नोंद कुलपात राही.

गावकरी बिथरले. "म्हणजे आमच्या मनातला सरकाराक कळतला?" तेव्हा शर्वाणीने देवळात नारळावर हात ठेवून शब्द दिला. नोंद धन्याच्या अंगठ्याशिवाय उघडणार नाही, आणि माझ्या तोंडून कुठे जाणार नाही. त्या शब्दावर चाळीस घरांनी कुलपं बसवून घेतली.

भाद्रपदात एके सकाळी गुणाजी घाडी तालुक्याच्या कुलूप-तपासणी केंद्रात शर्वाणीकडे आले. सत्तरीचे, ताठ. बंदूक पंच्यात गुंडाळलेली.

"गो बाय, तुझा कुलूप बिघाडला."

"काय करतं काका?"

"रात्री डुकर इले की खटकन उघडता. दुपारी उघडणा नाय. माका वळखणाच नाय! सरकारी वस्तू ती, दुपारची निजत असतली."

शर्वाणी हसली. गुणाजींनी स्वतःच अंगठा टेकवला. "बघ, तूच बघ."

पडद्यावर अकरा नकार उमटले. अकराही दुपारी दोन ते तीनमधले. शर्वाणीचं हसू ओठांवरच राहिलं. दुपारी कुठली डुकरं येतात?

"काका," तिने हळूच विचारलं, "दुपारी काय असतं?"

म्हाताऱ्याने बंदुकीवरचा पंचा सारखा केला. मग म्हणाला, "काय नसता. हीच तर पीडा. ती जेवक हाक मारी. चैत्रात गेली. झील, माझो पोरगो, पुण्याक." आणि लगेच त्यांनी विचारलं, "दुरुस्त करशील मा?"

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. एक आकडा सैल केला की कुलूप कुणालाही उघडलं असतं. आणि पोलिसांना फोन करायला एकच मिनिट. पण नारळावर ठेवलेल्या हाताचं काय? एका घराचं बाहेर फुटलं की उरलेली एकोणचाळीस कुलपं संध्याकाळपर्यंत उपसली गेली असती.

"कुलूप शाबूत आहे काका," ती म्हणाली. "त्याने तुम्हाला बरोबर ओळखलं."

गुणाजींच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "कोणाक सांगशील?"

"मी नाही. पण तुम्ही एकाला तरी सांगा. आणि बंदूक इथे ठेवा, निवडणुकीत ठेवता तशी."

"आता खंयची निवडणूक?"

"आहे ना. मी उभी आहे. एक मत द्या."

म्हातारा रडता रडता हसला. "डुकर भात खातले, त्येचा काय?"

"शेजारी कोण आहे?"

"फोंडू. त्येच्याशी माका बोलूकच नको. बांधावरसून भांडाण, धा वर्सां झाली."

"मग त्यालाच बोलवा. तुमची बंदूक नसली तर भात राखायला त्याचीच लागेल."

जमा-वहीत कारणाचा रकाना होता. निवडणूक, प्रवास, दुरुस्ती. शर्वाणीची लेखणी अडली. "लिही, दुपार," गुणाजी म्हणाले. तिने तसंच लिहिलं.

पुढच्या महिन्यात कायदा समितीची सुनावणी झाली. कुलूप सक्तीचं करायचं की नाही? परवानाधारकांचे वकील उठले. माणूस वाईट नव्हता, प्रश्नही खोटा नव्हता. "बाई, कुलूप अडल्यावर डुकरांनी केलेलं नुकसान आम्ही फोटोंनिशी दाखवलं. तुमच्या कुलपाने वाचलेला एक तरी माणूस दाखवा."

मागच्या रांगेत गुणाजी बसले होते, आणि त्यांच्या शेजारी, एकाच डब्यातली भाकरी खात, फोंडू. शर्वाणीने तिकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नजरेनेही शब्द मोडतो. ती समोरच्या कागदाकडे बघत म्हणाली, "दाखवता येणार नाही."

सभागृहात कोणीतरी हसलं. निर्णय पुढे ढकलला.

मंडळी, जो मरतो त्याची नोंद होते. जो मरायचा राहिला, त्याला कुठल्या अभ्यासात मोजायचं? आणि मोजायला त्याचं नाव लागणार असेल, तर ते मागावं का? मला उत्तर ठाऊक नाही. तुम्ही घरी जाऊन विचार करा. एवढंच मागणं आहे: देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या पोरीची आठवण ठेवा, जी जिंकू शकत होती आणि गप्प बसली.