वाडग्याचं बूड

"लिहितोस, की दुसरंही बोट मोडू?" फान ओरडला आणि त्याने आजोबांच्या पंज्यावर हातोडी उगारली.

भट्टीमागे लपलेल्या शुएछिनचं रक्त उसळलं. ती बारा वर्षांची, चुलतभाऊ दाचुंग दहाचा. दोघं सुट्टीत हिरव्या झिलईची भांडी करायला शिकायला लोंगछ्वानला आजोबांकडे आली होती. आजोबांची करंगळी वाकडी होऊन लोंबत होती. व्यापारी फानला एवढंच हवं होतं, की त्याचा हिरवा वाडगा सोंग काळातला, आठशे वर्षांचा आहे, असं आजोबांनी लिहून द्यावं. गिऱ्हाईक बाई कुठल्याही क्षणी येणार होत्या.

"खोटं लिहिणार नाही!" आजोबा म्हणाले. फानच्या धटिंगणाने फाडकन त्यांच्या तोंडावर ठोसा मारला.

वाडगा चुलीशेजारी पालथा होता. शुएछिन शेजारी लपलेल्या दाचुंगच्या कानात पुटपुटली, "बूड बघ! मधोमध बिनझिलईचं तांबडं वलय आहे."

"मग?"

"पाकळ्यांची नक्षी सोंगची आणि वलय त्यानंतरच्या मिंग काळातलं! जुन्या भट्टीजवळच्या फुटक्या भांड्यांच्या ढिगात सोंगचे तुकडे पार तळाशी असतात. या आळशांनी वरचाच थर उकरला, मिंगचं फुटकं बूड उचललं आणि नव्या वाडग्याला गोंदाने चिकटवलं!"

"चिकटवलंय?" दाचुंगची नजर चुलीवरच्या नूडल्सच्या उकळत्या पातेल्याकडे गेली.

तेवढ्यात बाई आत आल्या. फानने हातोडी लपवली. "या, या! म्हातारबा जरा पडलेत..."

दाचुंग धावला. छपाक! वाडगा पातेल्यात!

धटिंगणाने त्याला मानगुटीला धरून भिंतीवर आपटलं. शुएछिनने जळतं लाकूड त्याच्या नडगीवर हाणलं. त्याच्या थपडेने तिचा ओठ फाटला, पण ती पातेल्यासमोरून हलेना.

"माझा वाडगा!" फानने तिला ढकलून उकळत्या पाण्यात हात घातला आणि गुरासारखा ओरडला. वाडगा वर आला. बूड मात्र तळाशीच राहिलं!

"काका, सोंग वर आला, मिंग बुडाला!" भिंतीशी पडलेला दाचुंग कण्हत म्हणाला.

बाईंनी आधीच पोलिसांना फोन लावला होता.

पोलीस फानला आणि धटिंगणाला घेऊन गेल्यावर शेजारी गोळा झाले. "शाब्बास पोरांनो! केवढं हे धाडस!"

शुएछिनने ओठावरचं रक्त पुसलं. "आजोबा तासभर ओरडत होते. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

आजोबांनी आपला धड हात तिच्या पाठीवर ठेवला आणि ते शेजाऱ्यांना म्हणाले, "तिला उत्तर द्या."