दोन माळांचा कुत्रा

माझ्या कुत्र्याच्या गळ्यात दुसऱ्याच कुणाची तरी माळ!

तिहारचा, म्हणजे आमच्या नेपाळी दिवाळीचा दुसरा दिवस, कुकुर तिहार, कुत्र्यांच्या पूजेचा. सगळ्या पाटणमध्ये कुत्र्यांचे लाड चालले होते. मी सकाळीच न्हाऊन, झेंडूची माळ ओवून, ताटात उकडलेलं अंडं आणि मांसाचे तुकडे घेऊन चौकात उभी होते. आणि आमचा काले आला तो नटूनथटूनच! गळ्यात जाडजूड माळ, कपाळापासून पार नाकापर्यंत लाल टिका, तोंडाला खिरीचा वास.

"कुठं शेण खाऊन आलास रे?" मी ओरडले.

"शेण नाही हो, खीर! वेलदोडा घातलेली," मागून आवाज आला.

मी वळून पाहिलं. एक उंच, किडकिडीत तरुण धापा टाकत उभा होता. बोटांना तपकिरी मेण लागलेलं, केसांतही मेण.

"हुजूर, माळ खायची नाही, कितीदा सांगितलं?" तो चक्क माझ्या कुत्र्याशी बोलत होता. आणि काले... शेपटी हलवत होता!

"हुजूर कोण? हा काले आहे. चार वर्षांचा आहे. माझा आहे."

"अच्छा... म्हणजे रात्री झोपायला जातो ते तुमच्याकडे होय?" तो हसला. "मला वाटलं, ह्याची कुठंतरी बायको आहे."

त्याचं नाव निरोज. तानसेन गावचा. तीन वर्षांपासून आमच्या मागच्या गल्लीत एका गुरूंकडे मेणाच्या मूर्ती कोरायला शिकत होता. ह्याच मूर्तींवरून पुढे पितळी मूर्ती ओततात. मी आमच्या दोऱ्या-बटणांच्या दुकानात बसलेली असताना माझा कुत्रा दिवसभर ह्या माणसाच्या पायाशी लोळत होता! आणि मी मूर्ख, संध्याकाळी त्याच्या अंगावरचे मेणाचे कण वेचताना म्हणायची, कुठल्या देवळात जाऊन बसतो हा भक्त!

मी निरोजच्या माळेवर माझी माळ चढवली. चांगली दोन बोटं वर.

"तुमची वर, माझी खाली," तो म्हणाला. "चालेल की. मला काही राग नाही."

मला होता. माझा स्वभावच जळका आहे. लहानपणी दाइला, माझ्या थोरल्या भावाला, माझ्याआधी भात वाढला तरी मी ताट सारायची. आणि हा तर माझा कुत्रा!

भांडण झालं, पण काले काही ऐकेना. सकाळी आमच्याकडे भात, दुपारी तिकडे भात, संध्याकाळी पुन्हा आमच्याकडे. पौष सरेपर्यंत त्याचं पिंप झालं. आणि मग माघ महिन्यात तो प्रकार घडला. मी त्याला सकाळी जंताचं औषध गुळातून दिलं. दुपारी निरोजनंही दिलं. तेही गुळातूनच. काले ओकून ओकून अर्धा झाला.

मी त्याला शालीत गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे धावले, तर वाटेत निरोज भेटला. तो आम्हालाच शोधत होता. त्यानं कालेला माझ्या हातून घेतलं. काले केवढा जड झाला होता, पण निरोज धावतच निघाला.

डॉक्टरांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "एका घरात राहता आणि एकमेकांना विचारत नाही?"

"आम्ही एका घरात—" मी म्हणाले.

"—अजून नाही," निरोज म्हणाला, आणि मग त्याची मान जी खाली गेली ती वर येईना. माझे कान तापले. काले मात्र दोघांच्या मध्ये निजून कण्हत होता, त्यामुळे रागवायलाही जमलं नाही.

त्या दिवशी ठरलं. ज्यानं खायला घातलं त्यानं कालेच्या पट्ट्याला दोरा बांधायचा. माझा लाल, त्याचा पिवळा. दोरा दिसला की दुसऱ्यानं हात आखडायचा.

दोरे आमच्याच दुकानातले. निरोज पिवळी रिळं न्यायला यायचा. एक रीळ वर्षभर पुरावं, तर हा दर आठवड्याला दारात!

"इतका दोरा करता काय?"

"कुत्रा मोठा आहे."

"मान तेवढीच आहे त्याची."

"मग तुम्ही देऊ नका ना," तो म्हणायचा, आणि काउंटरला टेकून तासभर उभा राहायचा. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं, कधी ते कळलंही नाही. पिवळ्या दोऱ्याला एखाद्या दिवशी मेणाचं इवलंसं फूल चिकटलेलं असायचं, एखाद्या दिवशी मासा. ते सगळे मी एका काडेपेटीत ठेवले. काले घरी आला की मी आधी त्याचा पट्टा बघायची, मग त्याला. बिचारा!

आणि मग भाद्रपदात एक दिवस पट्ट्याला हिरवा दोरा.

मी दोऱ्यांच्या दुकानात वाढलेली आहे. हा दोरा आमच्याकडचा नव्हता. रेशमी होता, तीन पदरांची वेणी घातलेला, आणि गाठ अशी सुबक की बाईमाणसाशिवाय कुणाला जमणार नाही. निरोजच्या गाठी म्हणजे निव्वळ गुंता. दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवा. तिसऱ्या दिवशी पिवळा आणि हिरवा शेजारी शेजारी!

मी दुकान आमाच्या, आईच्या गळ्यात टाकून मागच्या गल्लीत गेले. निरोजच्या गुरूंच्या कारखान्याच्या ओट्यावर एक गोरीगोमटी मुलगी बसली होती. कालेचं डोकं तिच्या मांडीवर. ती त्याच्या कानामागे खाजवत होती आणि निरोज काहीतरी सांगत होता, आणि दोघं हसत होते. माझा कुत्रा डोळे मिटून पडला होता. निलाजरा!

"अंजिला! ये ना," निरोज उठला. "ही प्रसुना, गुरूंची मुलगी. पोखऱ्याला शिकायला होती, आता इथंच—"

"छान. हिरवा रंग शोभतो तुम्हाला," मी प्रसुनाला म्हणाले आणि कालेला पट्ट्याला धरून ओढत घरी आणलं.

वाटेत रडले का? रडले. कुत्र्यासाठी असेल तर सांगता येतं, माणसासाठी सांगता येत नाही. कालेनं माझा हात चाटला तर मी म्हटलं, "जा तिकडेच, तिचा चाट!"

त्यानंतर मी कालेला बांधून ठेवायला लागले. निरोज दोनदा दुकानात आला. पहिल्यांदा मी म्हटलं, पिवळा संपलाय. त्याच्या डोळ्यांसमोर बारा रिळं होती. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "अंजिला, माझं काय चुकलं ते तरी..." मी बटणं मोजत राहिले. तो गेला. मोजलेली बटणं पुन्हा मोजली, तरी आकडा लागेना.

पुन्हा कुकुर तिहार आला. ह्या वेळी कालेच्या गळ्यात एकच माळ होती. माझी. टिकाही माझाच. मी जिंकले होते. आणि काले दाराकडे तोंड करून बसला. अंडं नाही, मांस नाही, कशाला तोंड लावेना.

खाली चौकात निरोज माळ हातात धरून उभा होता.

आमानं खिडकीतून पाहिलं. "अगं, हा तो कुत्र्याला उचलून धावलेला मुलगा ना? ये रे बाबा वर!" त्याला चहा दिला, सेलरोटी दिली. घरी कोण कोण, विचारलं. बहीण नाही म्हटल्यावर तर आमाला भरूनच आलं; तीन दिवसांवर भाइटिका, आमची भाऊबीज. "मग भाइटिकेला काय करतोस?"

"राणीपोखरीच्या देवळात जातो, आमा. ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी उघडतात त्या दिवशी. रांगेत उभा राहतो."

"रांगेत? आमच्या पोरीला काय हात नाहीत? यंदा आमच्याकडे यायचं. हिच्या दाइशेजारी तुझंही रांगोळीचं मंडल काढू. अंजिला टिका लावेल. आजपासून तू हिचा भाऊ!"

माझ्या हातातली पळी खाली पडली. निरोजचा घास घशात अडकला. सणाचं बोलावणं, तेही आईच्या वयाच्या बाईचं. नाही कसं म्हणणार?

"बघतो... आमा," तो कसाबसा म्हणाला.

एकदा टिका लावला की लावला. भाऊ म्हणजे भाऊ, जन्मभर. तो आला तर माझा भाऊ होणार. नाही आला तर त्या हिरव्या दोऱ्याचा होणार. तीन दिवस मी ह्या दोन्हींच्या मध्ये जळत होते.

भाइटिकेच्या सकाळी आमानं रांगोळीची दोन मंडलं काढली. दाइ एकावर बसला. दुसरं रिकामं. समोर अंडं, मासा, फळं, आणि न सुकणाऱ्या जांभळ्या मखमली फुलांची माळ. मुहूर्त टळत चालला.

"जा, बोलावून आण त्याला. लाजत असेल," आमा म्हणाली.

"मी नाही जाणार."

"भावाला बोलवायला लाज कसली?"

मी गेले. कारखान्याच्या अंगणात पोचले आणि तिथंच थिजले. प्रसुनाच्या हातात मखमलीची माळ होती. तिनं ती निरोजच्या गळ्यात घातली. मी परत फिरणार, तेवढ्यात निरोज उठला, वळला... आणि त्याच्या कपाळावर उभा, सात रंगांचा, ताजा टिका!

भाइटिका. भावाला लावतात तो.

"ही ती?" प्रसुना कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तीन वर्षं दर तिहारला पोखऱ्याहून आले की ह्याला म्हणतेय, माझ्याकडे बस, मला भाऊ नाही. हा आपला राणीपोखरीला! आणि आज पहाटे येऊन दार बडवतोय. प्रसुना, लवकर टिका लाव, नाहीतर मी मेलो!"

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे?" निरोज पुढे आला. "तुझ्या आमांना रिकाम्या कपाळानं तोंड दाखवलं असतं, तर त्यांनी धरून बसवलं असतं मला. तुझ्याकडून टिका? अगं, मी इतके महिने पिवळी रिळं काय भाऊ व्हायला विकत घेतली?"

मला हसूही येत होतं आणि रडूही. "मग तो हिरवा दोरा..."

"खायला घातलं की दोरा बांधायचा, असं ह्यानंच सांगितलं मला," प्रसुना म्हणाली. "नियम पाळला, तर माझ्यावर डोळे वटारतेस, वहिनी?"

तिचं ते 'वहिनी' ऐकून मी खाली पाहिलं.

"अंजिला," निरोज हळूच म्हणाला, "मला तू आवडतेस. कुत्रा असो, नसो... म्हणजे कुत्रा हवाच, पण—"

"कळलं," मी म्हणाले. "मलाही. पुढे बोलू नकोस, आमा वाट बघतेय."

घरी आलो तर एकच गोंधळ. गडबडीत कालेला बांधायचं राहिलं होतं. तो दुसऱ्या मंडलावर ऐसपैस बसला होता. अंडं फस्त, मासा फस्त, रांगोळी शेपटीला. दाइ पोट धरून हसत होता. आमानं झाडू उगारला होता, तो तसाच हातात राहिला. तिनं निरोजच्या कपाळाकडे पाहिलं.

"कुणी लावला?"

"बहिणीनं, आमा. मिळाली एक."

आमानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दाराची चौकट बोटानं खरवडत होते. तिला सगळं कळलं. आईच ती.

"असं," ती म्हणाली आणि झाडू खाली ठेवला. "मग तू भावांच्या ओळीत नको बसू. तिकडे पाहुण्यांच्या चटईवर बस. आणि तू गं, मुहूर्त आहे अजून. ह्या बसलेल्याला तरी लाव!"

मी दाइला टिका लावला, आणि मग कालेला. त्यानं माझं नाक चाटलं.

चटईवरून निरोज हळूच म्हणाला, "पुढच्या कुकुर तिहारला माळ एकच आणायची का? घर एक असलं तर एक पुरते."

"पुरते," मी म्हणाले. "पण घालायची मी. आणि तुझी ती खीर आधी मला द्यायची, मग त्याला."