माहा नंबर आला काय?

हे घडलेलं आहे. माझ्या आत्याच्या डोळ्यांसमोर घडलं. आणि त्या दुपारी त्याच खोलीत मीही होतो. मला ते आठवायचं काही कारण नाही... मी तेव्हा नुकताच जन्मलो होतो.

साल १९५७. जून संपत आलेला. गाव अमरावती.

रात्र नव्हती. भर दुपार होती, लख्ख उन्हाची.

माझी आत्या भागीरथा तिथल्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. दवाखान्याचं नाव सांगत नाही. आदल्याच वर्षी आमच्या घरच्यांनी नागपूरला दीक्षा घेतली होती. भूतखेत, अंगात येणं, उतारे, सगळं घरातून कायमचं गेलं होतं. आत्या तर आधीपासूनच असल्या गोष्टींना हसायची.

म्हणून तिनं हे सांगितलं तेव्हा मला हसता आलं नाही.

त्या वर्षी फ्लूची साथ आली. आगगाडीनं आली, असं लोक म्हणायचे. बघता बघता दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. सर्जरीचा वॉर्ड तापाच्या रोग्यांना द्यावा लागला. थिएटरच्या दारापर्यंत खाटा आल्या. अशा ठिकाणी माणसाचं पोट उघडायचं कसं?

सर्जन होते डॉ. उत्तमराव. कमी बोलणारा माणूस. त्यांनी ऑपरेशनं दवाखान्याबाहेर हलवली.

गावाच्या कडेला कापसाचं एक जिनिंग होतं. हंगाम संपल्यानं बंद पडलेलं. आवारातला मॅनेजरचा बंगला रिकामा होता. त्यातली मोठी खोली चुन्यानं पांढरी केली. ऑपरेशनचं टेबल बैलगाडीतून आणलं. हत्यारं स्टोव्हवर उकळायची. तोंडाला चौपदरी मलमल बांधायची. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून सगळं दिवसाच, खिडकीच्या उजेडात. अंगात ताप असलेल्या माणसाला फाटकाच्या आत सोडायचं नाही.

आणि जे थांबू शकतं ते थांबवायचं.

"साथ गेली की या." रोज हेच सांगावं लागायचं.

मैनाबाईलाही तेच सांगितलं.

ती मेळघाटातल्या धारणीकडची. पोटात गोळा होता. साथीच्या आधीच तिला ऑपरेशनची तारीख दिलेली होती. त्या तारखेला नवरा श्रावण तिला बंगल्यावर घेऊन आला, वळकटी, गाडगं सगळं बरोबर. डॉक्टरांनी तिला तपासलं. गोळा जुना, हळू वाढणारा वाटला. थोडं थांबलं तर चालेल, असं ते म्हणाले.

ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली.

"सिस्टर, माहा नंबर कवा लागन?"

"साथ गेली की लगेच बोलावू, मैनाबाई."

"पन नंबर तं आला होता ना माहा. तुमीच देल्ला होता."

ऊन कलल्यावर श्रावणनं वळकटी खांद्यावर टाकली आणि तिला उठवलं. जाताना ती दोनदा मागं वळली. आत्याकडे तिनं पाहिलं नाही. ती खोलीतल्या टेबलाकडे पाहत होती.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट.

आत्या आत हत्यारं उकळत होती. बाहेर बाक करकरला... कुणी बसल्यासारखा.

मग दाराशी आवाज आला.

"माहा नंबर आला काय?"

आत्या हात पुसत बाहेर आली.

बाक रिकामा. आवारात पांढरं ऊन. कुत्रंसुद्धा नाही.

फाटकावर बुधाजी चौकीदार होता. तिनं त्याला विचारलं.

"कोनी नाई आलं बाई," तो म्हणाला. "फाटक लावूनच बसून राहिलो मी."

तिला वाटलं, स्टोव्हच्या आवाजात काहीतरी ऐकू आलं असेल. उष्म्यानं डोकं भणभणलं असेल. सोडून दिलं.

मग एका दुपारी सहदेव नावाचा माळी आला. भाजीपाला विकणारा, धडधाकट माणूस. त्याचं आतडं हर्नियात अडकलं होतं. थांबवण्यासारखं नव्हतं. दोघांनी त्याला धरून आत आणलं.

टेबलाजवळ येऊन तो थबकला.

"झोपा," आत्या म्हणाली.

"कुठी झोपू?"

"टेबलावर."

त्यानं आत्याकडे वेड्यासारखं पाहिलं. वेदनेनं त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. तरी तो वर चढेना.

"त्या बाईले उठवा ना पयले," तो म्हणाला.

टेबल रिकामं होतं. आत्यानं स्वतः चादर अंथरली होती. एक सुरकुती नव्हती...

डॉक्टर म्हणाले, वेदनेनं भ्रम झालाय. त्याला उचलून झोपवलं. ऑपरेशन झालं, तो वाचला. पण शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं ते हेच. ती बाई कोण होती?

आत्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हात धूत होते. फार वेळ धूत होते.

आणि मग आला तो दिवस.

माझी आई शालू तेव्हा चांदूर बाजारला होती. कळा सुरू होऊन दिवस उलटला तरी सुटका होईना. सुईण म्हणाली, लेकरू आडवं आहे. बाबांनी, म्हणजे देवरावांनी, कुणाची तरी जीप मिळवली आणि आईला सरळ आत्याकडे आणलं. आई अर्धमेली झाली होती.

टेबलावर घेतलं. बाबा बाहेर. आत डॉक्टर, आत्या आणि भुलीसाठी इथर देणारे खुशालराव.

खुशालरावांनी इथरची जाळी आईच्या तोंडाजवळ नेली. तेवढ्यात आईनं आत्याचं मनगट घट्ट धरलं.

"आक्का... हे बाई मले ढकलून राहिली."

"कोन बाई, शालू? इथं मीच हावो."

"ते मनते, उठ... माहा नंबर हाये."

खुशालरावांचा हात थांबला.

डॉक्टर आणि आत्या यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच नाव आलं. तोंडातून कुणी काढलं नाही.

आणि मग आई सरकली.

आत्या शपथेवर सांगायची. कुणाचा हात लागला नव्हता. आईचं जड अंग, खालच्या चादरीसकट, टेबलाच्या कडेकडे सरकलं... हळूच. आणखी थोडं.

आत्यानं दोन्ही हातांनी तिला धरलं. खुशालरावांनी पाय धरले. तरी पलीकडून जोर लागतच होता.

तेव्हा आत्या बोलली. कुणाकडे पाहून बोलायचं ते तिला कळत नव्हतं. ती टेबलाच्या पलीकडच्या मोकळ्या जागेकडे पाहून बोलली.

"मैनाबाई... इचं लेकरू आडवं हाये. दोघं बी जातील. इचं होऊ द्या. इच्या मांगून तुमचाच नंबर. मी सोता टेबल लावून देइन."

पलीकडचा जोर थांबला.

मग जोडवी वाजली. फरशीवर. दाराकडे जाताना...

बाहेर बाक करकरला.

डॉक्टरांनी एकच शब्द उच्चारला. "इथर."

मी जन्मलो. रडलो म्हणतात, आणि चांगला मोठ्यानं. आई वाचली. टाके घालून झाले. आईला शेजारच्या खोलीत हलवलं. खुशालराव बाबांना सांगायला बाहेर गेले. ते व्हरांड्यातून न जाता मागच्या दारानं गेले.

आत्या रक्ताळलेली चादर गोळा करत होती.

बाहेर बाक पुन्हा करकरला. या वेळी कुणी उठल्यासारखा.

जोडवी... आत आली.

डॉक्टरांनी हातमोजे उतरवले होते. ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले,

"सिस्टर, स्वच्छ चादर टाका."

"डॉक्टरसाहेब..."

"आपण नंबर दिलाय तिला."

आत्यानं चादर टाकली. उकळलेली हत्यारं ट्रेमध्ये मांडली. डॉक्टरांनी पुन्हा हात धुतले, कोपरापर्यंत. नवे मोजे चढवले.

"तुम्ही बाहेर थांबा," ते म्हणाले.

दार लागलं.

आत्या मला मांडीवर घेऊन आईजवळ बसली. दोन खोल्यांमध्ये एक भिंत. पलीकडून ट्रेमधल्या हत्यारांचा आवाज येत होता. एक उचललं. ठेवलं. दुसरं उचललं. आणि मधूनच डॉक्टरांचा आवाज, अगदी हळू...

"दुखलं तर सांगा."

किती वेळ गेला ते आत्याला सांगता यायचं नाही. ते बाहेर आले तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. त्यांच्या झग्यावर एक डागही नव्हता. पण चेहरा साथीतल्या रोग्यासारखा उतरला होता.

आत्या आत गेली. चादर कोरी होती. मधोमध मात्र खोलगट दबली होती, तिच्यावरून कुणीतरी नुकतं उठावं तशी. सुईत रेशमाचा दोरा ओवलेला होता. रिळातला बराच दोरा संपला होता.

त्यानंतर त्या बंगल्यात तो आवाज कधी आला नाही.

साथ ओसरली. थिएटर परत दवाखान्यात आलं. पावसात मेळघाटातले रस्ते बंद होते, म्हणून पोळा उलटल्यावर श्रावण आला. एकटाच.

"मैना गेली, साहेब," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली. तो खालीच बसला.

"घरी नेल्यावर पडूनच रायली. शुद्ध नोती. डोये मिटून एकच बोले, उठ, माहा नंबर हाये. आमाले वाटे, तापात बोलून राहिली. एक दिवस दुपारीच एकदम गप झाली. तोंडावर असं बरं वाटल्यावानी दिसे. संध्याकाळी पायलं तं गेली होती."

"कोणता दिवस?" आत्यानं विचारलं.

त्यानं सांगितलं. धारणीचा बाजार होता तो. आत्यानं मनात हिशेब केला.

माझ्या जन्माचा दिवस.

"एक इचारासाठी आलो," श्रावण म्हणाला. "बायायनं आंघोळ घातली तं पोटावर टाके दिसले. बारीक, सुबक. पोट सपाट झालं होतं. गोळा नोताच. तिचं आपरेशन तुमी कवा केलं, साहेब? मी तं बराबरच होतो तिच्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आन केलं," श्रावण म्हणाला, "तं मंग वाचली कावून नाई ते?"

"उशीर झाला, श्रावण," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडून उशीर झाला."

श्रावणनं मान हलवली. जसं काही त्याला तेवढंच ऐकायचं होतं. उठला आणि गेला.

आत्यानं हे मला खूप उशिरा सांगितलं, मी चांगला बाप्या झाल्यावर. तोवर डॉक्टर गेले होते. आई काही आठवत नाही म्हणायची आणि विषय बदलायची.

मी आत्याला विचारलं, "मग तो गोळा कुठं गेला?"



आत्या म्हणाली, "त्या दुपारी डॉक्टर खोलीतून निघाले ना... त्यायच्या हातात भांडं होतं. वरून फडकं झाकलेलं. बुधाजीकडून फावडं घेतलं आन एकटेच जिनिंगच्या मांगं गेले. मी नाई इचारलं काय हाये मनून."

"रिकामं असेल," मी म्हणालो.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं.

"दोन्ही हातानं धरलं होतं त्यायनं," ती म्हणाली. "आन वाकून चालून राहिले होते."