पंज्यांचा दगड

लाइट काही आता सकाळशिवाय येत नाही, तेव्हा ते मोबाईल ठेवा खाली. आणि मामाच्या गोष्टी म्हणजे थापा, असं मघाशी कोण पुटपुटलं गं? कान शाबूत आहेत माझे अजून. थापा तर थापा. पण या गोष्टीतल्या माणसाला मी स्वतः टाके घातलेत, या हातांनी. तेव्हा मधे शहाणपणा नको.

तुमच्या आईला इतिहास शिकवायला एक सर होते. साडेनऊ सर. शाळा साडेनऊला भरते म्हणून हे नाव, असं नव्या पोरांना वाटायचं. छे! लहानपणी सायकलच्या चेनमध्ये त्यांचं उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धं गेलं होतं, म्हणून साडेनऊ. एकदा कुणा कार्ट्याने फळ्यावर ते नाव लिहून ठेवलं, तर सरांनी त्यापुढे ‘बरोबर’ची खूण केली आणि तास सुरू केला. देवमाणूस. वयाने मोठा, पण माझा दोस्त.

शाळा सुटली की हा माणूस गावाच्या इतिहासामागे. कुठे जुनी भिंत पाडली की हे हजर. वहिनी म्हणायच्या, "यांना जुनं सगळं आवडतं, फक्त मी सोडून."

तर जुन्या वेशीच्या वळणावर एक दगड होता, कमरेइतका उंच. फार पूर्वी गावाने तिथे एका मास्तरांना दगडांनी ठेचून मारलं होतं. कुणाची तरी दोन पोरं हरवली, मास्तरांनीच पळवली अशी आवई उठली. हात बांधले आणि मारलं. मग मारणाऱ्यांनी आपापला उजवा पंजा त्या दगडावर कोरून घेतला. पश्चात्ताप म्हणून नव्हे रे बाबा! उद्या कुणी ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणायला नको, म्हणून. सगळेच अडकले की कुणी तोंड उघडत नाही. असे सात पंजे. आणि दोनच दिवसांत पोरं सापडली. मामाकडे होती. खेळत.

पंज्यांखाली पुढे कुणीतरी गुपचूप एक ओळ कोरली होती. पार झिजलेली. त्यात मास्तरांचं नाव आहे, असं सरांना वाटायचं. कारण ते नाव गावात कुणालाच माहीत नव्हतं. "मारणाऱ्यांचे हात राहिले आणि मेलेल्याचं नावसुद्धा नाही," सर म्हणायचे. "माझ्याच पेशातला माणूस रे तो." बोलताना डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या.

पुढे रस्ता रुंद करायचं ठरलं. दगड शनिवारी सकाळी फोडणार. अर्ज करकरून सरांच्या चपला झिजल्या. रस्त्याच्या खात्यातला साहेब म्हणाला, एवढी माया आहे तर घरी न्या.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर होता. त्या रात्री दहाच्या सुमारास सर दवाखान्यात आले, माझी मोठी बॅटरी मागायला. मी तेव्हा कंपाउंडर, मागच्याच खोलीत झोपायचो. म्हटलं, "अहो, पहाटे जा की उजेडात."

"दिवसा अक्षर दिसत नाही रे," सर म्हणाले. "अंधारात बॅटरी बाजूने धरली की खड्ड्यात सावली बसते आणि अक्षर उठून दिसतं. ठसा घेतो आणि येतो. चहा टाकून ठेव."

ठसा म्हणजे काय, तर दगड धुवायचा, ओला कागद चिकटवायचा आणि वरून ब्रशने ठोकायचं. कोरलेल्या जागी कागद आत बसतो. मग शाईची पुरचुंडी फिरवायची. सपाट भाग काळा होतो, कोरलेलं पांढरं राहतं. दगडावर नसलेलं ठशात उतरत नाही. हे नीट लक्षात ठेवा.

मी चहा टाकला. तो निवला. परत टाकला. मग डोळा लागला.

एकच्या पुढे दारावर थाप पडली. दार उघडलं आणि सर माझ्या अंगावरच कोसळले. डाव्या कानाची पाळी लोंबत होती. डोक्याला चार बोटं खोक. समोरचे दात नाहीत. शर्ट रक्ताने पाठीला चिकटलेला. डॉक्टर परगावी. काय करणार? टेबलावर घेतलं आणि शिवायला बसलो.

"कोणी मारलं सर? नावं सांगा, तंगड्या तोडतो एकेकाच्या."

सर बोलले. थांबत थांबत.

कागद ठोकून झाला. शाई फिरवून झाली. सात पंजे पांढरे उमटले. खालची ओळही उमटायला लागली. पहिलं अक्षर दिसलं... तेवढ्यात मागे काहीतरी पडलं. दगड. मग दुसरा, पाठीत. सर वळले.

माणसं होती. गोल करून उभी. चेहरे दिसेनात. उजवे हात तेवढे दिसत होते, वर उचललेले. मधे एकजण गुडघ्यांवर. हात बांधलेले. एक डोळा फुटून गालावर आलेला. तरी मान ताठ.

कुणीतरी सरांच्या हातात दगड दिला. गरम होता.

"मार."

सर ओरडले, "अरे, यांनी काही केलं नाही! पोरं मामाकडे आहेत! सापडणार आहेत पोरं!"

कुणी हललं नाही. मग एक बाई बोलली. अगदी हळू.

"ठाऊक आहे आम्हाला. मार."

"नाही मारणार."

पहिला दगड कानावर बसला. दुसरा तोंडावर. समोरचे दात निखळले. सर खाली पडले. खांद्यावर... बरगडीवर... डोक्यावर... थांबेचनात. हाड मोडल्याचा आवाज आला. आपलंच, हे कळायला वेळ लागला. आणि बाई म्हणत होती, "सगळ्यांनी मारलाय. तू एकटा कोण लागून गेलास?"

इथवर सांगून सरांनी डोळे मिटले. मी सुई तशीच धरून बसलो...

"मग?"

"मग मी मारला."

"दगड?"

"कपाळावर बसला. माझाच. त्यानेच गेले ते."

"सर, शुद्ध हरपली असेल तुमची..."

"मारायच्या आधी ते बघत होते माझ्याकडे. म्हणाले, ‘तू तरी नको.’"

लहान पोरासारखे रडले सर. टाक्यांमधून रक्त यायला लागलं. आणि दगड मारल्याबरोबर सगळं थांबलं होतं. रस्ता रिकामा. कुणी नाही.

जरा वेळाने त्यांनी माझा हात धरला. "ठसा तिथेच राहिला. नाव असेल त्यात. एवढं तरी आण रे."

गेलो मी. नाही कसं म्हणणार? स्कूटर चालू ठेवली आणि उतरलो. रस्त्यावर सरांचं रक्त होतं, दात होते. आणि एक सांगतो, त्या डांबरी रस्त्यावर खडासुद्धा नव्हता. मारायला दगड आणले कुठून? कागद सोलून काढला आणि मागे न बघता सुटलो. सकाळी मशीनने त्या दगडाची खडी केली.

त्याच रात्री दवाखान्यात दिव्याखाली कागद पसरला. खाली, ओळीच्या जागी... नुसतं काळं. एक अक्षर नाही. नाव गेलं ते गेलंच.

सर खाली बघतच नव्हते. वर बघत होते. पंज्यांकडे.

मी मोजले. पुन्हा मोजले. आठ.

सरांनी उजवा हात उचलला. शेवटच्या पांढऱ्या पंज्यावर हळूच ठेवला.

बरोब्बर बसला. अंगठ्याशेजारचं बोट अर्ध्यातच संपत होतं. दोन्हींचं.