अँब्रोजच्या फळ्या

"माणूस खोटं बोलतो, लाकूड कधी बोलत नाही," असं अँब्रोज टिलॅक पन्नास वर्षं होड्या बांधता बांधता सांगत आला. मंगळवारी तो वारला. बुधवारी त्याच्या शेडमधली ताडपत्री उचलली, तर खाली ह्यूऑन पाइनच्या फळ्यांच्या जागी त्याच मापाचं, भुसा दाबून केलेलं चिपबोर्ड निघालं.

फळ्या त्याने स्वतःच्या शवपेटीसाठी राखल्या होत्या. या पिवळ्या, सुवासिक लाकडाला ना पाणी लागतं ना कीड, आणि टास्मानियात हे झाड आता तोडू देत नाहीत. दफन शुक्रवारी.

"होडीवाल्याला चिपबोर्डात पुरायचं?" त्याची बायको थर्झा कॉन्स्टेबल ब्रॉनविनला म्हणाली. "ओल लागली की फुगेल ते."

शेडला कुलूप कधीच नसायचं. फळ्यांवर डोळा दोघांचा. शेजारचा रॉइस, ज्याला त्यांची होडी करायची होती. आणि जावई केस्टर, जो गिटारी बनवायचा. तो ब्लॅकवूड हे इथलं तपकिरी लाकूड घासायला बसला की भुकटीने डोळे सुजायचे आणि शिंका चर्चपर्यंत ऐकू जायच्या.

"फळ्या मागत होतास?" ब्रॉनविनने रॉइसला विचारलं.

"दर नाताळात. म्हातारा 'नाही' म्हणायचा आणि बिअर पाजायचा. चोरल्या असत्या तर बिअर बुडाली असती."

हे तिला पटलं. ती केस्टरकडे गेली. थर्झाही मागोमाग आली आणि दारातच थांबली. भिंतीवर एक काळीभोर, चकचकीत इलेक्ट्रिक गिटार टांगलेली होती.

"गिटारींच्या स्पर्धेतली?" ब्रॉनविनने विचारलं.

"हो. महोगनी आता कुणाला परवडते? इथल्या लाकडांचीच स्पर्धा होती. तिसरा आलो."

"लाकूड कोणतं?"

"ब्लॅकवूड. याच महिन्यात घासलं."

"रंग कुंपणाला देतात, गिटारीला नाही, असं तूच म्हणायचास ना?"

"गिऱ्हाइकांना काळं आवडतं, फौजदारीणबाई."

"आणि शिंका?"

"महिनाभर एक नाही. तब्येत ठणठणीत."

ब्रॉनविनने स्क्रूड्रायव्हर मागितला. गिटारीचा पट्टा अडकवायचा स्क्रू काढला आणि भोकाला नाक लावलं.

"ब्लॅकवूड घासून तू शिंकला नाहीस, केस्टर, म्हणजे ते ब्लॅकवूड नव्हतं. रंग दिलास तो लाकडाचा पिवळेपणा झाकायला. पण भोकाच्या आत रंग कोण देतो? हा गोड वास या खोऱ्यातलं शेंबडं पोरही ओळखेल. सासऱ्याच्या फळ्या एकावर एक डकवल्यास."

केस्टर स्टुलावर बसला. "म्हातारा इतक्यात जाईल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या आणून ठेवणार होतो."

"उरलेल्या कुठं आहेत?"

"दोन गिटारी बिघडल्या, त्यात गेल्या. पण आवाज, ब्रॉनी. असा आवाज दुसऱ्या लाकडाचा नाही."

"परीक्षकांना कळला?"

"ते पडद्याआड बसून नुसता आवाज ऐकत होते."

"पहिली कोणती आली?"

केस्टरने नाक पुसलं. "सामान चढवायच्या टाकाऊ पॅलेटची."

थर्झा आत आली. तिने गिटार उचलली, वजन पाहिलं, उलटीपालटी केली.

"यात त्याचा एक पायसुद्धा मावायचा नाही," ती म्हणाली.

तिने गिटार परत खुंटीला लावली, सरळ केली.

"रंध्याची सालपं ठेवलीस की जाळलीस?"

"पोतंभर आहेत, आई."

"मग एक पिशवी भरून दे. लोकरी कपड्यांच्या कपाटात कसर लागलीय."